हरिकेन उपग्रहातून इतकं स्पष्ट दिसतं, मग आकडे का बदलतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अटलांटिकमधल्या हरिकेनची उपग्रहचित्रं आता मिनिटामिनिटाला येतात, डोळ्याच्या, म्हणजे वादळाच्या मधोमध असणाऱ्या शांत भागाच्या, आतले ढगसुद्धा मोजता येतात. तरी वाऱ्याचा वेग दर बुलेटिनमध्ये बदलतो, वादळाचं केंद्र कधीकधी अचानक सरकलेलं दिसतं आणि शेवटी विमान पाठवून खात्री करून घ्यावी लागते. वरून एवढं सगळं दिसत असताना अडतं कुठे? आणि स्वतः चित्रं बघायची झाली तर काय बघायचं?

दिसलं म्हणजे मोजलं, असं तुम्ही धरून चाललाय. खरी अडचण तिथेच आहे. मी बरीच वर्षं वादळांची उपग्रहचित्रं वाचण्याचं काम केलं. ठरलेल्या वेळी केंद्राचे अक्षांश-रेखांश द्यायचे आणि वादळाच्या जोराचा एक आकडा द्यायचा, एवढंच ते काम. त्यात सगळ्यात आधी अंगवळणी पडते ती गोष्ट अशी की या चित्रांत वारा दिसतच नाही. दिसतात ते ढगांचे माथे, पंधरा-सोळा किलोमीटर उंचीवरचे. बुलेटिनमधला वारा मात्र समुद्रापासून 10 मीटर उंचीवरचा, एका मिनिटाच्या सरासरीचा असतो. मधल्या जाडीत काय चाललंय ते वरच्या झाकणाकडे बघून ओळखायचं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण कसं थडथडतंय त्यावरून आत पाणी किती उरलंय ते सांगण्यासारखंच. सवयीनं जमतं, पण दर वेळी जमतंच असं नाही.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत: वादळ कुठे आहे, किती जोरात आहे आणि कुठे जाणार आहे. पहिल्यात उपग्रह फार चांगला, दुसऱ्यात बरा, तिसऱ्यात तो स्वतः बोलत नाही, संगणकाच्या मॉडेलांना माहिती पुरवतो. बुलेटिनमध्ये ही तिन्ही उत्तरं एकाच ठामपणे छापली जातात, म्हणून वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

"कुठे" यापासून सुरुवात करू. 1900 साली टेक्सासमधल्या गॅल्वस्टनवर हरिकेन आदळलं आणि हजारो माणसं गेली, तेव्हा समुद्रातल्या वादळाची खबर मिळायची ती बेटांवरच्या तारांतून आणि वाटेत सापडलेल्या जहाजांकडून. 1 एप्रिल 1960 ला टायरॉस-1 हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह वर गेला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1961 मध्ये, टायरॉस-3 नं 'एस्थर' हे हरिकेन शोधून काढलं. उपग्रहानं आधी पाहिलेलं ते पहिलं हरिकेन. तेव्हापासून मोठं वादळ कोणाच्याही नकळत किनाऱ्यावर येऊन थडकणं जवळपास संपलं. उपग्रहांनी आजवर केलेल्या कामात हे मी सगळ्यात वर ठेवतो, बाकीच्या सगळ्या सुधारणा त्यानंतरच्या.

आज अटलांटिकवर गोज-ईस्ट हा भूस्थिर उपग्रह नजर ठेवतो. एप्रिल 2025 पासून या जागी गोज-19 आहे. विषुववृत्तावर, 35,786 किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्याच गतीनं फिरतो, म्हणून त्याच्या खालचा भाग बदलत नाही. त्याचा कॅमेरा सोळा चॅनेलमध्ये बघतो. पृथ्वीची दिसणारी पूर्ण बाजू दर 10 मिनिटांनी टिपतो, आणि एखाद्या वादळावर खिडकी लावली की दर मिनिटाला, गरज पडली तर दर 30 सेकंदांनीही चित्र देतो. दिवसाच्या दृश्य चित्रात अर्ध्या किलोमीटरपर्यंतचे बारकावे दिसतात, इन्फ्रारेडमध्ये दोन किलोमीटरपर्यंतचे. डोळा स्वच्छ उघडलेला असेल तर केंद्र कुठे, हे शाळकरी मूलही बोट ठेवून सांगेल.

पंचाईत होते ती डोळा नसलेल्या वादळांची, आणि तीही रात्री. माझा एक फजितीचा किस्सा सांगतो. उष्णकटिबंधीय वादळ होतं, अजून हरिकेन झालेलं नव्हतं. माझी रात्रपाळी. इन्फ्रारेडमध्ये ढगांचा एक सुरेख गोल गोळा, मधोमध उणे 80 अंशांच्या आसपास तापमान. केंद्र त्या गोळ्याच्या पोटात असणार असं धरून मी बिंदू ठेवला. पुढच्या वेळीही तिथेच. सकाळी पहिलं उजेडाचं चित्र उघडलं तर गोळ्याच्या पश्चिमेला उघड्या समुद्रावर खालच्या ढगांचा एक छोटासा भोवरा आपला निवांत फिरत होता. माझ्या बिंदूपासून शंभरएक किलोमीटर लांब. वरच्या थरातल्या पश्चिमेच्या वाऱ्यानं वादळाचं डोकं पूर्वेला ढकललं होतं आणि धड मागे राहिलं होतं. रात्रभर मी डोक्याचा पत्ता देत होतो.

हे का घडतं ते समजून घ्या, कारण तुम्हीही नेमके इथेच फसाल. इन्फ्रारेड चॅनेल तापमान मोजतो. खालचे ढग एक-दोन किलोमीटर उंचीवरचे, त्यांचं तापमान समुद्राच्या जवळपासच, त्यामुळे रात्री ते पाण्यात मिसळून जातात. उंच, थंड ढग मात्र झळकून दिसतात आणि नजर तिकडेच ओढली जाते. यावर उपाय आहेत. 3.9 आणि 10.3 मायक्रॉन या दोन चॅनेलांमधला फरक काढला की खालचे ढग रात्रीही थोडे उठून दिसतात. चांदणं असेल तर ध्रुवीय कक्षेतल्या उपग्रहांवरचा व्हिर्स हा कॅमेरा निव्वळ चंद्रप्रकाशात खालचा भोवरा दाखवू शकतो. पण त्या रात्री आकाशात चंद्र हवा, उपग्रह डोक्यावरून जायला हवा आणि भोवऱ्यावर वरचे ढग पसरलेले नकोत. तीन अटी एकदम जुळायची वाट बघत बसलं तर बुलेटिनची वेळ टळून जाते.

म्हणून सकाळच्या बुलेटिनमध्ये केंद्र "सरकलेलं" दिसलं, तर बहुतेक वेळा वादळ जागच्या जागीच होतं, आमचं बोट सरकलेलं असतं. कधीकधी जुनं केंद्र विरून दाट ढगांखाली नवं केंद्र खरोखरच तयार होतं, तेही लक्षात असू द्या.

आणखी एक बारकी गोष्ट. भूस्थिर उपग्रह तिरकस बघतो, त्यामुळे पंधरा किलोमीटर उंचीचा ढग नकाशावर मूळ जागेपासून उपग्रहाच्या उलट दिशेला सरकलेला दिसतो. नजर 45 अंशांनी तिरपी असेल तर हे सरकणं ढगाच्या उंचीइतकंच, म्हणजे पंधराएक किलोमीटर होतं. वादळ भर समुद्रात असताना याची कोणाला पर्वा नसते. ते किनाऱ्यापासून तीस किलोमीटरवर आलं की असते.

वरच्या ढगांच्या आरपार बघायचं तर मायक्रोवेव्ह लागतात. माझं सगळ्यात आवडतं साधन हेच. 85 ते 91 गिगाहर्ट्झच्या आसपास पातळ सिरस ढग (खूप उंचावरचे, तंतूंसारखे) जवळजवळ पारदर्शक असतात आणि गडगडाटी ढगांमधले बर्फाचे जाड कण मात्र खालून येणारं प्रारण विखुरतात. त्यामुळे डोळ्याची भिंत, म्हणजे डोळ्याभोवतीची उंच गडगडाटी ढगांची रांग, कडं घातल्यासारखी उमटते, इन्फ्रारेडमध्ये डोळ्याचा मागमूसही नसताना. 37 गिगाहर्ट्झ आणखी खालचं, पावसाच्या थेंबांचं चित्र देतं. वादळ झपाट्यानं वाढायच्या आधी कित्येकदा याच चित्रात एक अखंड वर्तुळ तयार होताना दिसतं. वरून नुसता कापसाचा गोळा आणि खाली पूर्ण कडं, असं दिसलं की मी खुर्ची पुढे ओढायचो.

मग हेच उपकरण भूस्थिर उपग्रहावर का बसवत नाहीत? मायक्रोवेव्हची तरंगलांबी मोठी. छत्तीस हजार किलोमीटरवरून डोळ्याची भिंत ओळखू येण्याइतकं बारीक चित्र हवं तर अँटेना अवाढव्य लागेल. म्हणून ही उपकरणं खालच्या कक्षांमध्ये, काहीशे किलोमीटर उंचीवर फिरतात: जपानच्या जीकॉम-डब्ल्यू उपग्रहावरचं आमसर-2, 2014 पासूनचं जीपीएम, वगैरे. ते पृथ्वीभोवती घिरट्या घालतात, त्यांचा पट्टा तुमच्या वादळावरून गेला तर गेला. कधी तीन तासांत दोन चित्रं मिळतात, कधी दहा तास एकही नाही. नासानं 2023 मध्ये ट्रॉपिक्स नावाचे छोटे उपग्रह सोडले ते हीच खिंडारं बुजवायला.

आता "किती जोरात". इथे अमेरिकी हवामानतज्ज्ञ व्हर्नन ड्वोराक यांचं नाव घ्यावंच लागतं. 1970 च्या दशकात त्यांनी ढगांच्या आकृतीवरून वादळाचा जोर ठरवण्याची पद्धत बसवली, आणि पन्नास वर्षांनंतरही जगभर तीच चालते. कल्पना साधी आहे: वादळं साधारण एकाच क्रमानं वयात येतात. आधी ढगांचे वळणदार पट्टे, मग मधोमध दाट आच्छादन, मग डोळा. पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळला गेलाय, डोळा किती उबदार आणि त्याभोवतीचं कडं किती थंड, यावरून टी-नंबर काढायचा, 1 पासून 8 पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीनं. टी 4.0 म्हणजे 65 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर), हरिकेनचा उंबरठा. टी 5.0 म्हणजे 90, टी 6.0 म्हणजे 115, टी 7.0 म्हणजे 140.

प्रत्यक्षात आम्ही इन्फ्रारेड चित्राला ठरलेल्या करड्या छटा द्यायचो. उणे 64 ते 69 अंश म्हणजे काळा, उणे 70 ते 75 म्हणजे पांढरा, त्याहून थंड म्हणजे पुन्हा करडा. मग डोळ्याभोवती कोणत्या छटेचं कडं कुठेही न तुटता पूर्ण फिरतंय ते बघायचं. काळं कडं पूर्ण असेल तर एक आकडा, पांढरं पूर्ण असेल तर अर्ध्यानं जास्त. आता समजा पांढरं कडं वायव्येला जरासं तुटलंय, बोटभर. ते पूर्ण धरायचं की तुटलेलं? शेजारच्या टेबलावरचा सहकारी पूर्ण धरतो, मी तुटलेलं. तो म्हणतो 6.0, मी म्हणतो 5.5. म्हणजे त्याचे 115 नॉट, माझे 102. वाऱ्याच्या वेगावरून हरिकेनला 1 ते 5 अशी श्रेणी देतात; त्याची श्रेणी 4, माझी श्रेणी 3. दोघांनीही नियमानंच काम केलंय, चूक कोणाचीच नाही. बुलेटिन लिहिणारा दोन्ही आकडे बघतो, विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेल्या स्वयंचलित ड्वोराकचा आकडाही बघतो, आणि 5 नॉटच्या पटीत एक संख्या लिहितो. आकडे का हलतात, याचं निम्मं उत्तर या बोटभर तुटलेल्या कड्यात आहे.

उरलेलं निम्मं उत्तर म्हणजे ही पद्धत जिथे पांगळी पडते त्या जागा. ऑक्टोबर 2005 मधल्या 'विल्मा'चा डोळा आक्रसून जेमतेम चारेक किलोमीटरचा झाला होता. त्या काळच्या गोज उपग्रहाच्या इन्फ्रारेडमध्ये एक पिक्सेलच चार किलोमीटरचा. मग डोळ्याच्या उबेत कडेच्या थंड ढगांची भेसळ होते, डोळा आहे त्यापेक्षा थंड दिसतो आणि आकडा कमी येतो. त्याच्या केंद्रातला 882 हेक्टोपास्कल हा दाब (तो जितका कमी तितकं वादळ तीव्र) विमानानं मोजला, म्हणून तो आज आपल्याला माहीत आहे. 2015 मधलं पूर्व पॅसिफिकचं 'पॅट्रिशिया' तर 185 नॉटपर्यंत गेलं. ड्वोराकची पट्टी 170 नॉटवर, टी 8.0 ला संपते!

दुसरी जागा झपाट्याची वाढ. टी-नंबर एका दिवसात किती चढू द्यायचा यावर पद्धतीतच लगाम आहेत, एखाद्या चित्रानं हुरळून जाऊ नये म्हणून. बहुतेक वेळा ते शहाणपणाचं ठरतं. पण ऑक्टोबर 2023 मध्ये 'ओटिस' उष्णकटिबंधीय वादळापासून श्रेणी 5 पर्यंत एका दिवसाच्या आत पोचलं आणि 25 तारखेला अकापुल्कोवर धडकलं. मॉडेलांना ते आधी उमजलं नाही, आणि उपग्रहावरून काढलेले आकडेही खऱ्या जोराच्या मागेच धावत होते. आदल्या दुपारी विमान आत गेलं तेव्हा वादळ अंदाजापेक्षा बरंच पुढे गेल्याचं कळलं. अटलांटिकच्या पश्चिम भागात विमानं नेहमी जातात, पूर्व पॅसिफिकमध्ये क्वचित. त्यामुळे आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे वादळ कुठे आहे यावरही ठरतं. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं वादळ म्हणजे जवळजवळ पूर्णपणे उपग्रहाचा अंदाज.

वाऱ्याच्या जवळ जाणारी काही उपकरणंही आहेत, त्यांच्यावर अन्याय नको. मेटॉप उपग्रहांवरचा एस्कॅट समुद्रावर रडारचे स्पंद सोडतो आणि लाटांच्या खरखरीतपणावरून वारा काढतो. वादळाचा घेर कुठवर पसरलाय, हे सांगण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण डोळ्याच्या भिंतीतल्या भयंकर वाऱ्यात तो कमी आकडे दाखवतो. सेंटिनेल-1 सारखी रडारं तीव्र वारेही बारकाईनं दाखवतात, अगदी डोळ्याच्या भिंतीतले. फक्त ती योग्य वेळी योग्य जागी असायला हवीत, आणि हा योग रोज येत नाही.

"कुठे जाणार" हे मी लवकर उरकतो, कारण ते मुख्यतः मॉडेलांचं काम आहे. वादळ स्वतः चालत नाही, भोवतालचा वारा त्याला वाहून नेतो. उपग्रह त्या भोवतालच्या हवेचं तापमान, ओलावा आणि ढगांच्या सरकण्यावरून काढलेला वारा मॉडेलांना पुरवतात. मार्गाचे अंदाज गेल्या काही दशकांत जे सुधारले त्यात या माहितीचा वाटा मोठा आहे. बुलेटिनच्या नकाशावर वादळाच्या संभाव्य मार्गाचा जो पुढे रुंदावत जाणारा शंकू असतो, त्याबद्दल एकच सांगतो: वादळाचं केंद्र साधारण तीनातल्या दोन वेळा त्याच्या आत राहतं. शंकूची रुंदी म्हणजे वादळाचा आकार नव्हे. केंद्र आतून गेलं तरी पाऊस आणि वारा बाहेरही पोचतो.

आता तुम्ही स्वतः बघायला बसलात तर काय बघाल? एक म्हणजे रंगांना फसू नका. इन्फ्रारेड चित्रातला लालभडक डाग थंड ढगाचा आहे, जोरदार वाऱ्याचा नाही. रंग कोणीतरी तापमानाला चिकटवलेत. त्यातून समुद्रावरच्या वादळांचे ढग रात्री थोडे फुलतात आणि दुपारनंतर ओसरतात, तेव्हा पहाटेचं चित्र बघून "वादळ वाढलं" म्हणायच्या आधी जरा थांबा. वाढ खरी असेल तर ती दुपारीही टिकते.

डोळ्याच्या डुलण्यावरही जाऊ नका. मिनिटामिनिटाच्या लूपमध्ये डोळा जरा उत्तरेला वळला की "वळलं, वळलं" अशी आरडाओरड सुरू होते. भोवरा फिरताना डुलतो तसं हरिकेनचं केंद्रही डुलतं, दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे. आम्ही दिशा काढताना मागच्या सहा ते बारा तासांची सरासरी धरायचो. अपवाद किनाऱ्याजवळचा, तिथे एवढ्याशा डुलण्यानं सगळ्यात जोराचा वारा एका गावाऐवजी दुसऱ्या गावावर जातो.

डोळा मध्येच बुजला तर वादळ ढासळलं असंही लगेच धरू नका. तीव्र हरिकेनमध्ये पुष्कळदा बाहेर नवी भिंत तयार होते आणि आतली विरते. वारा तात्पुरता उतरतो, घेर वाढतो आणि मग कधीकधी मोठा डोळा घेऊन वादळ पुन्हा चढतं. इन्फ्रारेडमध्ये हे धुरकट दिसतं, मायक्रोवेव्हमध्ये मात्र दोन समकेंद्री कडी दिसतात. तेव्हा ताजं मायक्रोवेव्ह चित्र शोधा, आणि त्यावरची वेळ आधी वाचा, कारण ते आठ तासांपूर्वीचंही असू शकतं.

वेळेचा हा मुद्दा बुलेटिनलाही लागू आहे. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरची मुख्य बुलेटिनं 03, 09, 15 आणि 21 यूटीसीला (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) निघतात, तर उपग्रहावरून केंद्र आणि जोर काढण्याच्या मुख्य वेळा 00, 06, 12 आणि 18 यूटीसी. म्हणजे आकड्यामागची चित्रं कित्येकदा तीन तास जुनी, आणि तुमच्या समोरचं चित्र दोन मिनिटांपूर्वीचं. दोन्ही जुळत नाहीत म्हणून कोणाला वेड्यात काढू नका. आणि आकडा शेवटी तरी पक्का होतो का? 2018 मधलं 'मायकल' फ्लोरिडावर आलं तेव्हा श्रेणी 4 म्हणून नोंदलं गेलं होतं. विमानं, रडार, उपग्रह, सगळं हाताशी होतं. एप्रिल 2019 मध्ये सगळी मोजमापं पुन्हा तपासली आणि ते श्रेणी 5 ठरलं.

घड्याळ जुळवूनही तुमचा डोळा एक सांगतोय आणि बुलेटिन दुसरं, असं झालं तर त्याच बुलेटिनसोबत निघणारं "डिस्कशन" नावाचं टिपण वाचा. अंदाज लिहिणारा माणूस त्यात साध्या भाषेत सांगतो की आकडा कशावरून घेतला, कोणत्या दोन अंदाजांत मेळ बसला नाही आणि केंद्राबद्दल त्याला स्वतःला किती शंका आहे. बहुतेक लोक नकाशा बघून थांबतात. मी उलट्या क्रमानं जातो: आधी टिपण, मग उजेडाचं पहिलं चित्र, नकाशा सगळ्यात शेवटी.